दप्तर: सोसायट्यांच्या वेबसाइटवरची कागदपत्रं सांभाळणारं साधन (कामाच्या नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५)

१ जुलै, मंगळवार. वाशी

काम कुणासाठी आहे ते आधी लिहून ठेवतो. वाशीत सेक्टर १७ मध्ये एक लहान कार्यालय आहे. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, ऐरोली इथल्या बऱ्याच गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आणि कागद तिथे सांभाळले जातात. प्रत्येक सोसायटीची छोटीशी वेबसाइट आहे. तिच्यावर सभेची सूचना, इतिवृत्त, ऑडिट झालेला ताळेबंद, सिडकोबरोबरच्या भाडेपट्टा कराराची प्रत, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असे कागद असतात. सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं सुरू झाल्यापासून नकाशे आणि निविदांचीही भर पडली आहे.

साइट्स वेगवेगळ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवणाऱ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आहेत. फाइली पाठवायला-आणायला कुठे एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत मिळते, कुठे फक्त जुनं एफटीपी, आणि कार्यालयाचा फाइली साठवायला स्वतःचा एक नेक्स्टक्लाउड सर्व्हर आहे. कार्यालय सांभाळणाऱ्या मॅडम फाइलझिला वापरतात. हिशेबाचे काका होस्टिंगच्या पॅनेलमधून फाइल टाकतात. दोघांच्या संगणकांवर त्याच कागदाच्या वेगवेगळ्या प्रती आहेत.

फाइलझिला, विनएससीपी, सायबरडक ही साधनं उत्तम आहेत, फुकट मिळतात आणि वर्षानुवर्षांच्या वापरात तावूनसुलाखून निघाली आहेत. तरी नवं साधन कशाला, हा प्रश्न आज काकांनीच विचारला. ही साधनं फाइल इकडून तिकडे न्यायला बनली आहेत. कार्यालयात दिवसभर विचारला जातो तो प्रश्न वेगळा आहे: साइटवर आहे ती प्रत खरी, की माझ्याकडे आहे ती? त्याचं उत्तर एका खिडकीत, मराठीत, सगळ्या सोसायट्यांसाठी एकसारखं मिळावं, एवढंच आम्हाला करायचं आहे. साधनाचं नाव 'दप्तर' ठरलं.

मुदत कायद्यानेच घालून दिली आहे. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. त्याआधीचे आठ-दहा आठवडे या कार्यालयात सगळ्यात जास्त कागद फिरतात. दप्तर तोवर चालतं झालं पाहिजे.

४ जुलै, शुक्रवार. वागळे इस्टेट, ठाणे

प्रोटोकॉलचं ठरवलं. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरमधून शिकून ते तेव्हा एमआयटीत होते. जगभर चाललेल्या या पद्धतीची सुरुवात एका भारतीय विद्यार्थ्याच्या हातून झाली, याचं मला फार अप्रूप आहे. पण ते जाळं मोजक्या विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं होतं, एकमेकांना ओळखणाऱ्यांचं. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कुणीही वाचू शकतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी २०२१ मध्ये एफटीपी काढूनच टाकलं.

म्हणून दप्तरात साधं एफटीपी ठेवणार नाही. होस्टिंग टीएलएस (वाटेत मजकूर झाकणारं कवच) देत असेल तर एफटीपीएस, म्हणजे त्या कवचातलं एफटीपी, चालेल. नाहीतर त्या सोसायटीला होस्टिंगवाल्यांकडे एसएफटीपी मागावं लागेल. माझा सहकारी म्हणाला की याने काही सोसायट्या मागे राहतील. राहू देत. ज्या जागी सभासदांचे करार ठेवले आहेत तिथली किल्ली उघड्यावर फिरवायची सोय मी करून देणार नाही.

१० जुलै, गुरुवार

वेबडॅव्हचा, म्हणजे नेक्स्टक्लाउड ज्या पद्धतीने फाइली देतो-घेतो तिचा, भाग लिहायला घेतला. वेबची जी एचटीटीपी पद्धत आहे तिच्यातच काही क्रिया वाढवून हे बनलं आहे: फोल्डरमध्ये काय आहे ते विचारायला प्रॉपफाइंड, नवा फोल्डर करायला एमकेकॉल, शिवाय कॉपी, मूव्ह, लॉक, अनलॉक. पहिलं मानक १९९९ चं, आता चालतं ते २००७ चं. प्रॉपफाइंडला किती खोल बघायचं तेही सांगता येतं: शून्य, एक किंवा पार तळापर्यंत. तळापर्यंतची मागणी सर्व्हर नाकारू शकतो, म्हणून आम्ही एकेक पातळी मागतो आणि मिळालेली यादी संगणकावर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. सोसायटी उघडली की आधी कालची यादी लगेच दिसते, मग ताजी येऊन तिच्यावर बसते. खिडकी कोरी राहिली की माणसं दोनदा क्लिक करतात, म्हणून हे महत्त्वाचं.

मॅडमच्या संगणकावर नेक्स्टक्लाउड विंडोजमध्येच ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता. पुनर्विकासाचे मोठे स्कॅन त्यावरून उतरत नव्हते आणि होस्टिंगला दोष दिला जात होता. अडचण विंडोजच्या वेबक्लायंट सेवेची निघाली. तिच्यात एका फाइलची मर्यादा मुळात ५ कोटी बाइट एवढी असते आणि स्कॅन केलेला नकाशा ती सहज ओलांडतो. ही मर्यादा बदलता येते, पण मायक्रोसॉफ्टने ती सेवाच २०२३ मध्ये मोडीत काढायच्या यादीत घातली आहे. तिच्यावर आता काही उभं करू नये. दप्तर सर्व्हरशी थेट बोलतं.

१७ जुलै, गुरुवार

आजची नोंद लांब होणार. या कामात मला सगळ्यात जास्त ज्याची आच आहे तो विषय आज समोर आला: मराठी फाइलनावं.

नेरुळच्या एका सोसायटीच्या फोल्डरमध्ये 'भाडेकऱ्यांची यादी' नावाच्या तीन फाइली दिसल्या. तिन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी, मजकूर वेगवेगळ्या महिन्यांचा. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या तीन फाइली असूच शकत नाहीत, म्हणून नावांचे बाइट काढून पाहिले. फरक 'ऱ्या'मध्ये होता.

'ऱ्या'तला तो आडवा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, एक कीबोर्ड तेच देतो. दुसरा कीबोर्ड साधा र आणि त्याखालचा नुक्ता असे दोन तुकडे देतो. तिसरा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, अशी रचना करतो. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ती रीत अजून चालू ठेवली आहे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्सच्या सर्व्हरला अक्षरं कळत नाहीत, तो फक्त बाइट बघतो. त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावं आहेत. कार्यालयातले तीन संगणक तीन कीबोर्डांवर चालतात, त्यामुळे 'जुन्यावर नवी टाकली' असं ज्याला वाटत होतं तो दर वेळी शेजारी आणखी एक ठेवत होता.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. एनएफसी ही त्यातली तुकडे जोडणारी रीत लावली की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. (मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत उलट करायची, नावं फोडून ठेवायची. कार्यालयात मॅक नाही, पण एका सोसायटीच्या सचिवांकडे आहे.) तिसरी तऱ्हा मात्र एनएफसीला दिसतच नाही, ती समान धरलेली नाही. तिच्यासाठी नियम आपणच लिहायला हवा.

तो लिहिताना पहिला मोह होतो की न दिसणारी चिन्हं सरळ काढून टाकावीत. इंग्रजी मुलखात बनलेल्या बऱ्याच साधनांत असंच करतात. मराठीत ते घातक आहे. जोडक काढला की 'ऱ्या'चा 'र्या' होतो, आणि 'आचाऱ्यांची यादी' व 'आचार्यांची यादी' एकच होऊन बसतात. एक स्वयंपाक्यांची, दुसरी गुरुजींची. म्हणून क्रम असा ठरवला: आधी र, हलन्त आणि जोडक हे त्रिकूट ओळखून त्याचा ऱ आणि हलन्त करायचा, मग एनएफसी, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. यातून जे बनतं ती फक्त तुलनेची किल्ली. खरं नाव सर्व्हरवर जसं आहे तसंच राहतं. दप्तर एकाही फाइलचं नाव आपणहून बदलणार नाही, कारण त्या नावाच्या लिंका सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या असतात. नाव बदललं की लिंक मेली.

किल्ली सारखी निघाली की दप्तर त्या फाइली एकाखाली एक दाखवतं, तारखा आणि आकार लिहितं, आणि विचारतं की यातली चालू कुठली. शोधपेटीलाही हीच किल्ली लावली.

१८ जुलै, शुक्रवार

नावांचंच पुढे. युटीएफ-८ या अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. 'इतिवृत्त' डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, पण चिन्हं ८ आणि बाइट २४. वेबपत्त्यात एकेक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून तेच ७२ अक्षरं लांब होतं. लिनक्सच्या फाइली ठेवायच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीत नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज मात्र बाइट न मोजता २५५ एकक मोजतं. त्यामुळे 'वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाच्या...' अशी लांबलचक नावं विंडोजवर सुखाने राहतात आणि सर्व्हरवर जाताना अडतात. चूक सांगणारा संदेशही नुसता 'फेल्युअर' एवढाच येतो.

आता नाव टाइप करतानाच शेजारी उरलेली जागा दिसते. मराठीत नाव देऊ नका, हा सल्ला मी कार्यालयात देणार नाही. कागद मराठीत आहे तर नावही मराठीत असायला हवं.

२३ जुलै, बुधवार

बटणांचे शब्द पक्के केले. 'साइटवर टाका', 'उतरवून घ्या', 'दोन्ही प्रती बघा'. कार्यालयात बोलतात तसेच. फॉन्टसाठी विंडोजमधलाच निर्मला.

३१ जुलै, गुरुवार

एकाच कागदावर दोघांचं काम. मॅडमनी इतिवृत्त उघडलं, काकांनीही उघडलं. मॅडमनी ठरावाची भाषा सुधारून ठेवली, मागून काकांनी आकडे बदलून ठेवले. शेवटी साइटवर काकांची प्रत उरते आणि मॅडमची मेहनत कुणाला न कळता जाते. या अडचणीपायीच वेबडॅव्हमध्ये कुलपाची सोय केली आहे. कुलूप लागलं असताना दुसऱ्याने लिहायला घेतलं की सर्व्हर ४२३ हा नकाराचा आकडा देतो. पण कुलूप देणं मानकात ऐच्छिक आहे, आणि कुलूप लावून माणूस घरी गेला की दुसऱ्याचं काम खोळंबतं. सप्टेंबरात ते परवडणार नाही.

आम्ही ईटॅगवर भर दिला. सर्व्हर फाइलच्या प्रत्येक रूपाला एक खूण देतो, तोच ईटॅग. फाइल उतरवताना ती खूण जपून ठेवायची आणि परत टाकताना म्हणायचं, खूण तीच असेल तरच घे. मधे कुणी बदललं असेल तर सर्व्हर ४१२ देऊन नकार देतो. नेक्स्टक्लाउडवर हे चोख चाललं.

एसएफटीपीत अशी खूण नाही. तिथे टाकण्याआधी आकार आणि वेळ बघतो; शंका आली तर साइटवरची प्रत उतरवून मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी छोटी ओळखखूण, ताडतो. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढते, पूर्ण पोचल्याची खात्री झाली की नाव बदलतो. इथेही एक खोच आहे. एसएफटीपीच्या प्रचलित तिसऱ्या आवृत्तीत त्या नावाची फाइल आधीच असेल तर नाव बदलणं फसतं. ओपनएसएसएच या एसएफटीपी चालवणाऱ्या प्रणालीत त्यासाठी वेगळी जोड आहे, पण ती प्रत्येक होस्टिंगवर मिळेलच असं नाही. जिथे नाही तिथे आधी जुनी प्रत बाजूला करायची, मग नवी आणायची.

जुनी प्रत तर दर वेळी ठेवायचीच, जोड असो वा नसो. तपासणी आणि नाव बदलणं यांच्यामध्ये क्षणभराची फट राहतेच, आणि त्या फटीत कुणाचं काम गेलं तर ते परत मिळालं पाहिजे. 'जुन्या प्रती' हा फोल्डर मात्र पब्लिक एचटीएमएल या सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर. आत ठेवला तर कच्चे मसुदे जगाला वाचायला मिळतील.

दोन प्रती भिडल्या तर दप्तर त्या आपणहून एकत्र करणार नाही. ठरावाच्या मजकुराला कायद्याचं वजन असतं. त्यातलं वाक्य कुठलं राहावं हे माणसाने वाचून ठरवावं.

६ ऑगस्ट, बुधवार

वेळा. एचटीटीपी वेळ जीएमटीत देतं, एसएफटीपी १९७० पासूनचे सेकंद देतं, दोन्ही नीट. एफटीपीएसच्या जुन्या यादीत मात्र वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ कुठल्या देशाचं हे लिहिलेलं नसतं. साडेपाच तासांच्या फरकाने जुनी फाइल नवी ठरू शकते. म्हणून एमएलएसडी ही नवी यादी देणाऱ्या सर्व्हरवरच वेळेवर विश्वास, बाकी ठिकाणी मजकूर ताडायचा. पेन ड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, तेवढी सूट तुलनेत ठेवली.

१३ ऑगस्ट, बुधवार. वाशी

'भाडेकऱ्यांची यादी' परत पुढे आली, या वेळी नावामुळे नाही. त्या यादीत भाडेकरूंचे मोबाइल क्रमांक आहेत आणि ती सार्वजनिक फोल्डरमध्ये होती. साइटवर तिची लिंक कुठेच नव्हती, म्हणून ती खासगी आहे असा सगळ्यांचा समज. पण त्या फोल्डरची यादी सर्व्हर कुणालाही दाखवत होता. मॅडमनी लगेच ती हलवली आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून यादी दाखवणं बंद केलं.

यावरून दप्तरात एक सोय घातली. प्रत्येक फाइलच्या सार्वजनिक पत्त्यावर लॉगिन न करता, परका माणूस करील तशी, हेड विनंती (फाइल न उतरवता ती मिळते का एवढंच विचारणारी) पाठवायची. २०० आलं तर नावासमोर 'सगळ्यांना दिसते' असं लाल अक्षरांत. ४०१, ४०३ किंवा ४०४ आलं तर 'दिसत नाही'. अंदाज नको, प्रत्यक्ष विचारून बघायचं. सोसायटीच्या साइटवर माणसांचे पत्ते, फोन, थकबाकी असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण शेजाऱ्याची थकबाकी गावभर होऊ नये एवढं कळायला कायदा लागत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस कोसळतो आहे. हार्बर मार्गावर रुळांवर पाणी, मुंबईकडच्या गाड्या बंद. मॅडम नेरुळहून घरूनच काम करत होत्या, इंटरनेट येत-जात होतं, आणि नेमका आजच एका इमारतीचा मोठा नकाशा चढवायचा होता. तुटलेलं काम पुढे चालू ठेवायची खरी परीक्षा आपोआप झाली.

एसएफटीपीत फाइलच्या हव्या त्या जागेपासून लिहिता येतं, त्यामुळे तुटलं तिथून पुढे सुरू झालं. वेबडॅव्हच्या मानकात अर्धवट टाकण्याची सोय नाही. नेक्स्टक्लाउडची स्वतःची तुकड्यांची पद्धत आहे, ती वापरली. मॅडमनी फोनवर विचारलं, "मधेच तुटलं तर साइटवरचा जुना नकाशा खराब होईल का हो?" नाही होणार. पूर्ण पोचेपर्यंत जुन्याला हात लागत नाही. संध्याकाळी नवा नकाशा जागेवर गेला, हॅश जुळला.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती, त्याआधी एक महत्त्वाचं. ऐरोलीच्या एका सोसायटीला जोडताना दप्तर थांबलं: सर्व्हरची ओळख बदलली आहे. होस्टिंगवाल्यांनी साइट नव्या मशीनवर हलवली होती, त्यामुळे एसएसएच या, एसएफटीपी ज्यावर चालतं त्या सुरक्षित जोडणीची किल्ली नवी. पण मधे बसून सर्व्हरचं सोंग घेणारा कुणी असता तरी दिसलं असतं ते हेच.

एसएसएच १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी लिहिलं ते फिनलंडमधल्या त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेल्यावर. ओळख पटवणं हा त्याचा गाभा आहे. अनेक साधनांत इथे 'होय' असं बटण असतं आणि घाईतला माणूस ते दाबतो. दप्तरात ते ठेवलेलं नाही. नव्या किल्लीचा ठसा दिसतो. होस्टिंगच्या मदत केंद्राला आपल्याकडच्या नंबरवर फोन करून त्यांच्याकडून ठसा घ्यायचा आणि तो इथे भरायचा. जुळला तरच दार उघडतं. सहकाऱ्याला हे कडक वाटतं. मला सोसायटीच्या कागदांपुढे पाच मिनिटांचा फोन जास्त वाटत नाही.

पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवले, आमच्या फाइलीत एकही नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. वाशी

बऱ्याच सोसायट्यांच्या सभा रविवारी २८ तारखेला आहेत. उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सूचनेचा आणि सभेचा दिवस सोडून मोजलं तर आज शेवटचा दिवस. साइटवर टाकल्याने सभासदांच्या हाती सूचना देण्याचं काम संपत नाही, पण साइट बघून विचारणारे पुष्कळ असतात.

कार्यालयात दिवसभर बसून बघितलं. काका एका सोसायटीतून दुसरीत जाताना थबकत होते: आपण आत्ता कुणाच्या फोल्डरमध्ये आहोत? खिडकीच्या माथ्यावर सोसायटीचं नाव मोठं केलं आणि प्रत्येक 'टाका' बटणावरच नाव घातलं. एका सोसायटीची सूचना दुसरीच्या साइटवर जाणं ही या कामातली सगळ्यात महागडी गोष्ट ठरेल.

२९ सप्टेंबर, सोमवार

कालच्या सभांची कच्ची इतिवृत्तं आज चढली आणि ३१ जुलैला लिहिलेला प्रसंग खरोखर घडला. कोपरखैरण्याच्या एका सोसायटीचं इतिवृत्त मॅडम आणि काका दोघांनी उघडलं होतं. मॅडमची प्रत आधी गेली. काकांनी टाकायला घेतल्यावर दप्तराने नकार दिला आणि दोन्ही प्रती शेजारीशेजारी उघडल्या. मॅडमच्या प्रतीत लिफ्टच्या दुरुस्तीच्या ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांचं नाव होतं, काकांच्या प्रतीत दुरुस्ती निधीचा सुधारलेला आकडा. काकांनी मॅडमना हाक मारली, दोघांनी एका पडद्यावर वाचलं, आकडा मॅडमच्या प्रतीत घातला आणि ती टाकली. काकांची प्रत 'जुन्या प्रती'त आहे.

राहिलेली कामं: साध्या एफटीपीवर अडकलेल्या सोसायट्यांसाठी होस्टिंगवाल्यांना लिहायच्या पत्राचा मसुदा मॅडमना द्यायचा. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपतो, त्याआधी कार्यालयातले जुने संगणक विंडोज ११ ला चालतात का ते बघायचं. आणि श्री-लिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलींचा मजकूर शोधपेटीत येत नाही, त्याचं काम उद्यापासून.